जुन्या संगणकावर नवी सिस्टिम चढत नाही तेव्हा...

दुकानदार सांगतो, ‘मदरबोर्ड गेला.’ घरातले म्हणतात, ‘भंगारात द्या.’ पुष्कळदा मात्र यंत्रात बिघाड नसतोच. घाईत एखादी पायरी चुकलेली असते.

जबलपूरच्या राइट टाऊन किंवा नेपियर टाऊनमधील एखाद्या मराठी घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. वडील गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिला ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसाठी दणकट संगणक हवा आहे, पण नवा घ्यायचा तर पेन्शनीत बसत नाही. म्हणून एखाद्या कंपनीने चार-पाच वर्षे वापरून काढून टाकलेले ‘वर्कस्टेशन’ स्वस्तात घरी येते. पेटी ट्रंकेइतकी जड, आत पंखे भरपूर. घरच्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्कही त्यातच बसवली जाते, कारण तिच्यात पंधरा वर्षांचे फोटो आहेत, आजीने सांगितलेल्या आणि आईने टाइप करून ठेवलेल्या पाककृती आहेत, वडिलांच्या पेन्शनचे कागद आहेत.

रविवारी सकाळी पेन ड्राइव्ह लावून विंडोज टाकायला सुरुवात होते. पट्टी निम्म्यापर्यंत सरकते आणि थांबते. पुन्हा चालू केले तरी पुन्हा तिथेच अडते. मग पडद्यावर डिस्कची यादी येते आणि खाली ‘डिलीट’, ‘फॉरमॅट’, ‘नेक्स्ट’ अशी बटणे दिसतात.

“बाबा, यातली कुठली पुसू? सगळ्या सारख्याच दिसतायत.”

“थांब गं, घाई नको. आजीचे फोटो कुठल्या डिस्कवर आहेत ते आधी बघ.”

असे ‘थांब’ म्हणणारे माणूस प्रत्येक घरात असतेच असे नाही. मग दुपारी यंत्र ऑटोत घालून मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये न्यावे लागते. संगणक आणि मोबाईलच्या दुकानांनी भरलेल्या अशा कुठल्याही बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे निदान एकच असते: “मदरबोर्ड गया, अंकल. नया ले लीजिए.”

हा प्रसंग आता अनेक घरांत येतो आहे, कारण २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांना नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची सोय त्यावेळी जाहीर झाली. ती सवलत म्हणजे वर्षभराची मुदतवाढ होती, त्यापलीकडे काही नव्हते. विंडोज ११ ला साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, आणि टीपीएम २.० नावाची, किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय लागते. धडधाकट चालणारे कितीतरी संगणक त्यामुळे एका रात्रीत ‘जुने’ ठरले. त्यांचे मालक काहीतरी नवे टाकून पाहू लागले आणि अडखळू लागले.

आधी डिस्क बाहेर काढा

सगळ्यांत मोठे नुकसान बिघाडामुळे होत नाही, घाईमुळे होते. संगणक बिघडला तर पैसे जातात आणि पैसे पुन्हा मिळवता येतात. आजीचा आवाज असलेली फीत पुसली गेली तर ती कुठल्या दुकानातून आणणार?

म्हणून कोणत्याही दुरुस्तीपूर्वी एक काम करावे. यंत्राची वायर भिंतीतून काढावी, झाकण उघडावे आणि माहिती असलेल्या डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवून ती डिस्क कपाटात ठेवावी. नवी सिस्टिम वेगळ्या, कोऱ्या एसएसडीवर टाकावी. आत एकच डिस्क असेल तर चुकीची डिस्क पुसली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पाच मिनिटे पुरतात.

याचा आणखी एक फायदा आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. दोन डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकले तर ती स्वतः नव्या डिस्कवर बसते, पण सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायली मात्र कधीकधी जुन्या डिस्कवर ठेवून देते. सहा महिन्यांनी कोणी जुनी डिस्क काढली की ठणठणीत संगणक सुरूच होत नाही, आणि दोष जातो बिचाऱ्या मदरबोर्डला.

‘डिस्कचा प्रकार जुळत नाही’ असा संदेश आला तर एक ‘क्लीन’ नावाची आज्ञा द्यायला अनेक जण सांगतात. ही आज्ञा डिस्कवरची भागांची सगळी आखणी क्षणात पुसते आणि ‘नक्की का?’ असे विचारतही नाही. डिस्क शून्य आणि डिस्क एक यांत गल्लत झाली की संपले. जुनी डिस्क कपाटात असेल तर ही आज्ञाही निर्धास्तपणे देता येते.

गाडी कुठल्या स्टेशनात अडली?

मुंबईहून जबलपूरला येणारी गाडी उशिरा धावत असेल तर स्टेशनवर थांबलेला माणूस आधी विचारतो, ती इटारसीला आहे, पिपरियाला आहे की नरसिंहपूरला? सिस्टिम टाकतानाही हाच प्रश्न विचारावा. काम कुठल्या टप्प्यावर थांबले यावर निदान अवलंबून असते. ‘होत नाही’ एवढेच सांगणाऱ्याला दुकानदार काहीही सांगू शकतो. ‘फायली उतरताना साठ टक्क्यांवर थांबते, दर वेळी तिथेच’ असे सांगणाऱ्याला मात्र जपूनच उत्तर द्यावे लागते. त्यामुळे पडद्यावर आलेल्या संदेशाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

पेन ड्राइव्हपासून सुरुवातच होत नसेल तर संशय आधी पेन ड्राइव्हवर घ्यावा. बाजारात चौसष्ट जीबी लिहिलेले आणि प्रत्यक्षात त्याच्या पावभरही नसलेले नकली पेन ड्राइव्ह सर्रास मिळतात. ते सुरुवातीच्या फायली व्यवस्थित घेतात आणि पुढच्या गिळून टाकतात. पेन ड्राइव्ह चांगला असेल तर जुन्या यंत्राच्या मागच्या बाजूची साधी यूएसबी जागा वापरून पाहावी. पुढच्या बाजूच्या जागा लांब वायरीने जोडलेल्या असतात आणि वयोमानाने सैल होतात.

त्यानंतर येतो यंत्र सुरू करण्याच्या दोन पद्धतींचा घोळ. जुनी पद्धत ‘लेगसी’ आणि नवी ‘यूईएफआय’. साधारण २०१२ च्या आसपासची यंत्रे दोन्ही ओळखतात आणि गोंधळ तिथेच होतो. सुरू करायच्या साधनांच्या यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा ‘यूईएफआय’ हा शब्द पुढे लावून. एका पद्धतीने सुरुवात केली आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीने आखलेली असली की विंडोज पुढे जात नाही. डिस्क नवी आणि कोरी असेल तर सरळ यूईएफआयची नोंद निवडावी.

उतरता उतरता थांबते

सर्वांत जास्त छळणारा प्रकार हा. फायली उतरू लागतात, आशा वाटू लागते, आणि मध्येच पट्टी गोठते किंवा ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो. याची कारणे तीन असू शकतात आणि ती स्वस्तापासून महागापर्यंत याच क्रमाने तपासावीत.

पहिले कारण म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेली मूळ फाइलच अपुरी असणे. ती पाच-सहा जीबीची असते. मध्ये नेट तुटले की कधीकधी ती पूर्ण झाल्यासारखी दिसते, पण पूर्ण झालेली नसते. मायक्रोसॉफ्ट काय किंवा उबुंटू काय, आपल्या फायलींसोबत अक्षरे आणि आकडे मिळून चौसष्ट चिन्हांची एक ओळ प्रसिद्ध करतात. ती त्या फाइलची अंगठ्याची निशाणीच समजा. आपल्या संगणकाला त्याच फाइलची ओळ काढायला सांगावी आणि दोन्ही जुळवाव्यात. एक अक्षर वेगळे निघाले तरी ती फाइल टाकून पुन्हा उतरवावी. हे दोन मिनिटांचे काम आहे, पण ते न केल्यामुळे लोकांचे रविवार वाया जातात.

दुसरे कारण रॅम. रोजच्या पत्रलेखनाला किंवा सिनेमा पाहायला रॅममधला छोटा दोष जाणवत नाही. सिस्टिम टाकताना मात्र हजारो दाबलेल्या फायली उलगडाव्या लागतात आणि एक आकडा चुकला तरी काम थांबते. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर रॅमवरचा संशय बळकट होतो, आणि दर वेळी एकाच जागी थांबत असेल तर फाइलवरचा. मेमटेस्ट नावाचा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवून पाहावा. किंवा त्याहून सोपे म्हणजे, एक पट्टी ठेवून बाकीच्या काढाव्यात आणि आळीपाळीने बदलून पाहाव्यात.

वर्कस्टेशनच्या बाबतीत इथे एक खोच आहे. कंपन्यांसाठी बनलेल्या या यंत्रांमध्ये, उदाहरणार्थ एचपीच्या झेड किंवा डेलच्या प्रिसिजन मालिकेत, पुष्कळदा ‘ईसीसी’ प्रकारची, स्वतःच्या चुका ओळखणारी रॅम असते. तिचा ‘रजिस्टर्ड’ हा उपप्रकार साध्या रॅमबरोबर नांदत नाही. ‘आठ जीबी आणखी टाकून देतो’ म्हणून बाजारात घरगुती पट्टी बसवली गेली की यंत्र एकतर नुसते बीप बीप करते किंवा सुरूच होत नाही. पट्टी बाहेर काढली की सगळे सुरळीत.

तिसरे कारण उष्णता. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. पाच वर्षे कार्यालयात आणि मग गोदामात पडलेल्या यंत्राच्या जाळीत धुळीचा नमदा जमलेला असतो, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी वाळलेली असते. पंखे जोरात ओरडू लागले आणि यंत्र झटकन बंद पडले तर नव्या मदरबोर्डपूर्वी ब्रश आणि छोटीशी पेस्टची नळी आणून पाहायला हरकत नाही.

विजेचेही विसरता येत नाही. घरोघरी असतो तो ६०० व्हीए यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच पुरवतो, आणि जुन्या बॅटरीवर तर तेही मिनिटभरच. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेल्या वर्कस्टेशनला तो पुरेल याची खात्री नसते. सिस्टिम टाकताना वीज गेली तर फार तर काम पुन्हा करावे लागेल. पण ‘बायोस अपडेट’ करताना गेली तर मदरबोर्ड खरोखरच जाऊ शकतो. हा अपडेट दुपारच्या भारनियमनाच्या वेळी किंवा गडगडणाऱ्या पावसाळी संध्याकाळी करूच नये.

डिस्कच दिसत नाही

विंडोज विचारते ‘कुठे टाकू?’ आणि यादी रिकामी असते. घरगुती संगणकात असे झाले तर बहुधा वायर सैल असते. वर्कस्टेशनमध्ये मात्र ‘रेड’ नावाची व्यवस्था चालू राहिलेली असू शकते. कंपन्या दोन डिस्क एकत्र बांधून एकाच डिस्कप्रमाणे वापरतात. एक गेली तरी काम थांबू नये, हा हेतू. त्या व्यवस्थेचा ड्रायव्हर विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये नसला तर तिला डिस्क दिसतच नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ बटणाने दाखवता येतो. घरी एकच डिस्क वापरायची असेल तर बायोसमध्ये ‘रेड’ बदलून ‘एएचसीआय’ करणे सोपे. पण आत कोणाची तरी माहिती असलेल्या जोडडिस्क असतील तर हा बदल करण्यापूर्वी त्या बाहेर काढाव्यात.

काही जण हौसेने ‘एनव्हीएमई’ जातीची नवी, झपाट्याने चालणारी डिस्क कार्डावर बसवून आणतात. २०१२-१३ च्या यंत्रांत पुष्कळदा असे होते की विंडोजला ती दिसते, सगळे उतरते, आणि पुन्हा सुरू करताना बायोस म्हणते, अशी डिस्क मला माहीतच नाही. अशा यंत्राला साधी साटा एसएसडीच बरी. तिनेही वेगात पडणारा फरक डोळ्यांना दिसतो.

आता एका क्षुल्लक वस्तूविषयी. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याहून थोडा छोटा, चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की यंत्राची तारीख मागे जाते आणि बायोसमध्ये केलेले सगळे बदल वीज गेली की पुसले जातात. सकाळी ‘एएचसीआय’ केलेले असते, दुपारी वीज जाऊन येते, संध्याकाळी यंत्र पुन्हा ‘रेड’वर! केलेले उपाय टिकत नाहीत, म्हणून माणूस चक्रावतो. तारीख चुकीची असल्याने इंटरनेटवरील सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत. घड्याळाच्या दुकानात मिळणारा हा सेल पहिल्याच दिवशी बदलून टाकावा.

नकार आणि बिघाड यांत फरक

‘हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही’ असे पडद्यावर आले तर दुरुस्त करण्यासारखे काही बिघडलेले नसते. तो नियम आहे. टीपीएम बायोसमध्ये बंद असेल तर चालू करता येते, काही वर्कस्टेशनमध्ये जुने टीपीएम १.२ कंपनीने दिलेल्या प्रोग्रामने २.० करता येते. पण प्रोसेसरच यादीत नसेल तर तिथे इलाज खुंटतो. नियम चुकवून विंडोज ११ टाकून देणारे सापडतात. मात्र अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून तर फार जुन्या, कोअर टू ड्युओच्या काळातील प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक आज्ञा त्या प्रोसेसरला येतच नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर अशी पळवाट काढू नये. दुकानातल्या ‘सगळं आत आहे’ छापाच्या चोरट्या विंडोजचे तर नावच नको. तिच्यात सगळ्याबरोबर आणखी काय काय आहे ते तो दुकानदारही सांगू शकणार नाही.

दुसरा रस्ता लिनक्सचा आहे, आणि तो वाटतो तितका परका नाही. जबलपुरात मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय आहे, त्यामुळे वकील आणि टायपिस्टांना ही गोष्ट ओळखीची असेल. देशभरातील न्यायालयांच्या संगणकीकरणात उबुंटू लिनक्स वापरले गेले, आणि खटल्यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातील चमूने तयार केले. सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्स २००७ सालापासून भारतीय भाषांसह उपलब्ध झाले. उबुंटूची एप्रिल २०२४ मधील आवृत्ती चार जीबी रॅमच्या यंत्रावर चालते आणि तिला पाच वर्षांचा पाठिंबा जाहीर झाला आहे. यंत्र बत्तीस बिटांचे असेल तर मात्र पर्याय झपाट्याने आटत आहेत. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून तशा यंत्रांवर नव्याने टाकण्याची सोय बंद केली.

लिनक्स टाकतानाही अडचण येते. वर्कस्टेशनमधील जुन्या ग्राफिक्स कार्डामुळे पडदा काळा पडतो आणि माणसाला वाटते, काहीच झाले नाही. सुरुवातीच्या यादीतील ‘सेफ ग्राफिक्स’ निवडले की चित्र दिसू लागते, आणि योग्य ड्रायव्हर मागाहून टाकता येतो.

त्या इंजिनिअरिंगच्या मुलीचे काय? ऑटोकॅडसारखे प्रोग्राम लिनक्सवर सरळ चालत नाहीत. वडिलांच्या कामाला, पेन्शनच्या संकेतस्थळाला, फोटोंना, पत्रांना लिनक्स पुरेल. तिच्या अभ्यासाला कदाचित नाही. खरेदीपूर्वी प्रोसेसरचे नाव विचारून विंडोज ११ च्या यादीत पाहिले असते तर हा प्रश्नच आला नसता. वर्कस्टेशन विकणारा रॅम आणि डिस्क मोठ्या अक्षरांत सांगतो, प्रोसेसरची पिढी मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही.

पाककृती वाचता येईनात!

सिस्टिम चढली, सगळे सुरळीत झाले. मग कपाटातली जुनी डिस्क यूएसबी डबीत घालून जोडली, आईची फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसली. ‘फाइल खराब झाली’ असे समजून ती पुसण्याची चूक करू नका. फाइल शाबूत आहे.

विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ फाँट आला, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फाँटमध्ये आणि मध्य प्रदेशात सर्रास कृतिदेवमध्ये टाइप होत राहिला. या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीच असतात, फक्त त्यांना देवनागरीचा पोशाख चढवलेला असतो. नव्या सिस्टिममध्ये तो फाँट नसला की पोशाख गळून पडतो. म्हणून जुन्या विंडोजमधील ‘फाँट्स’ हा फोल्डर पुसण्यापूर्वी उतरवून ठेवावा. जुनी डिस्क कपाटात ठेवली असेल तर तो तिच्यावर असतोच. ज्या मराठी सॉफ्टवेअरना मागच्या बाजूला ‘लॉक’ लावावे लागे त्यांचे ते लॉकही सांभाळून ठेवावे.

फाँट परत टाकला की पुरणपोळी पुन्हा पुरणपोळी दिसू लागते. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण ज्या फाँटचा मजकूर असेल त्याचाच परिवर्तक घ्यावा लागतो. बदललेला मजकूर आईला शेजारी बसवून ओळीओळीने वाचून घ्यावा. रफार सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, आणि पाककृतीत तर पाव वाटी आणि पाऊण वाटी यांतला आकडाही तपासायला हवा.